गोदामाच्या दोन किल्ल्या

धाकटीचा धंदाच संशयाचा होता. मदत संस्थेत तिचं पद 'पूर्वतयारी अधिकारी' असं भारदस्त होतं, पण पूर्वतयारी म्हणजे काय, तर जे अजून घडलेलं नाही त्यावर आजच संशय घ्यायचा. पूल दिसला की तो कोसळला तर लोक कुठून जातील, शाळा दिसली की तिच्या मैदानात किती कुटुंबं मावतील, आणि लग्नाला गेली की आधी वधूकडे न बघता बाहेर पडायची दारं मोजायची. असल्या बाईबरोबर नाटकाला जायची सोय नाही, असं तिचा नवरा म्हणे, आणि तो काही खोटं बोलत नव्हता.

आता पुलावर संशय घेतला तर पुलाला वाईट वाटत नाही. माणसांचं तसं नसतं. आणि गेले काही महिने धाकटीचा संशय ऑफिसची हद्द ओलांडून घरात शिरला होता. शिरला तो थेट थोरल्या जाऊबाईंच्या अंगावर जाऊन बसला.

या दोघी जावा एकाच घरात राहत आणि एकाच संस्थेत काम करत. थोरली आधीपासून तिथे गोदामप्रमुख होती. ताडपत्र्या, चादरी, तंबू, पाण्याचे कॅन, मास्क, प्रथमोपचाराच्या पेट्या, सगळं तिच्या ताब्यात. धाकटीच्या नोकरीची बातमीही तिनेच घरी आणली होती. "जागा निघालीय, अर्ज टाक, घरात बसून माझं डोकं खाऊ नकोस," असं प्रेमळ निमंत्रण दिलं होतं. पुढे झालं असं, की धाकटी चढत गेली आणि थोरलीच्या गोदामाची तपासणी करण्याच्या पदावर जाऊन बसली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ऑफिसात चहाच्या टेबलावर बोललं जाई. थोरली मात्र कधी चकार शब्द बोलली नव्हती. धाकटीला नेमकं तेच खटकू लागलं होतं.

घरात दोघी रोज सकाळी भांडत. बाथरूमला कोण आधी जाणार, डब्याचं झाकण कुणी हरवलं, खिडकी उघडी का ठेवली. मोठं काही नाही, नुसती धुसफूस. सासूबाईंना एरवी ऐकू येत नसे, पण हे सगळं बरोबर ऐकू येई, आणि सुनांचा आवाज चढला की त्या समाधानाने कूस बदलत. घर ठीक चाललंय, एवढं त्यावरून त्यांना कळे.

खरी गोष्ट सुरू झाली ती सरावापासून. संस्थेत अधूनमधून आपत्तीचा सराव व्हायचा, सगळे त्याला ड्रिल म्हणत. त्याचा नियम कडक होता. तारीख फक्त धाकटीला माहीत. खरी आपत्ती असेल तर सरकारी कक्षातून आणि सराव असेल तर धाकटीकडून, ड्युटीच्या फोनवर 'लाल इशारा' असाच निरोप यायचा, आणि तो खरा की सरावाचा हे कुणालाही कळता कामा नये. गोदाम उघडायचं, माल गाडीत चढवायचा, गाडी फाटकाबाहेर पडली की मग धाकटी शिट्टी वाजवून म्हणायची, "सराव संपला."

पहिल्या ड्रिलला संस्थेची पुरती शोभा झाली होती. गोदामाचं शटर गंजून अडकलं, ड्रायव्हरमामा गाडीत घोरत सापडले, आणि सिस्टरनी जखमींसाठी जी पेटी आणली तिच्यात नुसते रिकामे फॉर्म निघाले. संस्थेच्या संचालिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या नुसत्या चष्मा पुसत राहिल्या. धाकटी जिन्याकडे गेली आणि बऱ्याच वेळाने तोंड धुऊन परत आली.

त्यानंतरची सगळी ड्रिल मात्र दृष्ट लागावी अशी झाली. निरोप येतोय तोवर शटर वर गेलेलं. पाण्याचे कॅन भरून दारात मांडलेले. थोरली एरवी गोदामात चपला घालून फटक फटक चालायची, पण नेमकी ड्रिलच्या दिवशी तिच्या पायात बूट. मोठ्या बाई खूश झाल्या. वरिष्ठांना पाठवायच्या अहवालात धाकटीचं नाव दोनदा आलं.

दुसरी कुणी असती तर मिठाई वाटून मोकळी झाली असती. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. धाकटीला वाटलं, इथे पाणी मुरतंय. कुणीतरी तारीख फोडतंय. आणि तारीख फुटत असेल तर ही ड्रिल नव्हेत, नाटकं आहेत. खोट्या तयारीवर विसंबून खरी माणसं मरतात, हे ती प्रत्येक प्रशिक्षणात सांगायची, आणि ते तिला मनापासून वाटायचंही. तिची झोप उडाली ती यामुळे. आपण एवढा मोठा आराखडा उभा केला आणि त्याच्या पायात वाळू आहे, ही भीती काही साधी नव्हती.

मग तिने एकेक वाट बुजवायला सुरुवात केली. तारीख कुठेही लिहीनाशी झाली. फोनचा पासवर्ड बदलला. झोपेत बडबडते की काय म्हणून नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "जागेपणी एवढं बोलतेस, झोपेत काही उरत असेल असं वाटत नाही." तरीही तिने त्याला मुद्दाम एक खोटी तारीख सांगितली. सासूबाईंना दुसरी खोटी तारीख सांगितली, तीही दोनदा, कारण पहिल्यांदा त्यांना ऐकू आलं नाही. त्या दोन्ही दिवशी ती गोदामासमोरच्या खिडकीत दबा धरून बसली. थोरली आपली रोजच्या वेळेला, चपला घालून, शेंगदाणे खात आली आणि स्टुलावर बसून चादरींच्या घड्या घालू लागली.

मग खऱ्या ड्रिलचा दिवस आला. त्या सकाळी धाकटीने फारच सावधगिरी बाळगली. कुणाला वास लागू नये म्हणून ती घरात अगदी हसतखेळत वावरली. बाथरूम थोरलीला आधी दिलं. तिचा डबा स्वतः भरला. "वहिनी, ऊन फार आहे, छत्री घ्या," म्हणत छत्री हातात ठेवली. थोरलीने छत्रीकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, आणि "बरं," एवढंच म्हणाली.

लाल इशाऱ्याचा निरोप गेला तेव्हा शटर उघडं होतं आणि थोरलीच्या पायात बूट होते.

आता संशयाला पुरावा लागतच नाही. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं. थोरली फोनवर हळू बोलली की धाकटीला वाटे, मोठ्या बाईंच्या ऑफिसातलं कुणीतरी फितूर आहे. थोरली हसली की वाटे, आपल्यावर हसली. ही बाई आपल्याला मुद्दाम पोकळ यश मिळवून देतेय, खरा प्रसंग आला की आपण तोंडावर पडू आणि ही स्टुलावर बसून शेंगदाणे खाईल, इथवर तिची मजल गेली. एका घरात राहून, एका ताटातलं खाऊन, असला विचार मनात येतो याची तिला लाजही वाटे. लाज वाटली की ती आणखी चिडे.

मग मुख्य कार्यालयातून बोलावणं आलं. दुसऱ्या शहरात सगळ्या शाखांची बैठक होती आणि धाकटीने आपला आराखडा तिथे मांडायचा होता. निघायच्या दिवशी सकाळी थोरली आरशासमोर वेणी घालत होती. धाकटी दारात उभी राहिली.

"वहिनी, गोदामाची किल्ली द्या."

"कशाला?"

"मी नसताना गोदाम बंद राहील. माझा तुमच्यावर विश्वास राहिलेला नाही. ड्रिलची तारीख तुम्हाला आधी कळते. कुठून कळते ते तुम्ही सांगणार नाही, मला माहितीये. पण मी आंधळी नाही."

थोरलीचा हात वेणीतच थांबला. तिने तोंड उघडलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, मिटलं. सासूबाईंनी आतल्या खोलीत कूस बदलली नाही.

"बोला ना," धाकटी म्हणाली. "काहीतरी बोला. नाहीतर मूग गिळून बसा नेहमीसारख्या. आयुष्यभर ताडपत्र्या मोजल्यात, तेवढंच जमतं तुम्हाला."

हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं तेव्हाच धाकटीला कळलं की ते जायला नको होतं. थोरलीने पदराच्या टोकाची गाठ सोडली, किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. हातात दिली नाही. "नीट जा," म्हणाली आणि वेणी पुरी केली.

धाकटीने किल्ली पर्समध्ये टाकली. तिथे दुसरी किल्ली आधीपासून होतीच. गोदामाला किल्ल्या दोन, एक गोदामप्रमुखाकडे आणि एक पूर्वतयारी अधिकाऱ्याकडे. आराखड्याच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात वाक्य होतं, की दोन्ही किल्ल्या कधीही एका व्यक्तीजवळ असू नयेत. ते वाक्य धाकटीने स्वतः लिहिलं होतं. बसमध्ये खिडकीशी बसून तिने पर्स मांडीवर घेतली तेव्हा आत किल्ल्या एकमेकींवर वाजल्या. एका दिवसाचा प्रश्न आहे, तिने स्वतःला सांगितलं. आजवर कुठे काय झालंय.

मुख्य कार्यालयाची शिस्त मोठी. बैठकीच्या खोलीबाहेर एक ट्रे होता, सगळ्यांनी आपापले फोन त्यात ठेवून आत जायचं. धाकटीने फोन ठेवला, पर्स मात्र जवळ ठेवली. तिचं बोलणं चांगलं झालं. पडद्यावर दोन किल्ल्यांचं चित्र आलं तेव्हा समोरच्या रांगेतले एक वयस्कर साहेब मान डोलवून म्हणाले, "हे फार साधं आणि फार शहाणपणाचं आहे. सगळ्या शाखांनी उचलावं." टाळ्या पडल्या. धाकटीने पर्स खुर्चीखाली पायाने सरकवली. 

जेवणाच्या सुट्टीत तिने फोन उचलला. थोरलीचे चुकलेले कॉल, ड्रायव्हरमामांचे, पुन्हा थोरलीचे, मग सिस्टरचे, मग पुन्हा थोरलीचेच. खाली मामांचा निरोप होता: 'कुलूप तोडलं. गाडी निघाली.'

पहिला विचार काय आला असेल? जे मनात घोळत होतं तेच. तोडलं! बाईने सकाळचा सूड काढला. चारचौघांत तमाशा व्हावा, धाकटीने किल्ली नेली हे जगाला दिसावं, म्हणून कुलूप तोडून दाखवलं. हिच्या सरळ चेहऱ्यामागे हे होतं तर! तिने दात ओठ खात मामांना फोन लावला.

"मामा, कुणी सांगितलं कुलूप तोडायला? कसला इशारा? मी तर कुठलंही ड्रिल—"

"ड्रिल नाही हो ताई!" मामा ओरडत होते, मागे खोकण्याचे आणि लेकरांच्या रडण्याचे आवाज होते. "टेकडीपलीकडच्या रंगाच्या कारखान्याला आग लागलीय. धूर सगळा वस्तीवर आलाय. शाळेच्या मैदानात माणसं आणतोय. तुम्ही या!"

धाकटी कुणाला काही न सांगता निघाली. मिळेल ती गाडी पकडली, ड्रायव्हरला मागेल तेवढे पैसे कबूल केले. वाटेत पर्स मांडीवर होती आणि किल्ल्या प्रत्येक खड्ड्याला वाजत होत्या. शेवटी तिने रुमाल काढून त्या त्यात गुंडाळल्या, तेव्हा कुठे गप्प झाल्या.

शाळेचं मैदान तिने आराखड्यात शंभरदा पाहिलं होतं. तंबू कुठे, पाणी कुठे, बायकांची रांग कुठे. सगळं तिथल्या तिथे होतं. खरंच होतं. फक्त आराखड्यात माणसं नव्हती, आणि इथे ती होती: डोळे लाल झालेली, तोंडाला ओले कपडे लावलेली, कुणी कोंबड्या बगलेत धरलेली, कुणी नुसतीच जमिनीकडे बघत बसलेली. टेकडीमागून काळा धूर वर चढत होता. ऑफिसातून तो अजिबात दिसत नाही, म्हणजे तिथे कुणी धूर बघून कुलूप तोडलं नव्हतं, हे त्याच क्षणी तिच्या ध्यानात आलं.

सिस्टर एका बाईला पाणी पाजत होत्या. त्यांनी धाकटीला पाहिलं आणि बाजूला आल्या.

"कुणी गंभीर?" धाकटीने विचारलं.

"एक छोटी मुलगी. आधीच दम्याची. मास्क यायला उशीर झाला तेवढ्यात फार धूर गेला तिच्या छातीत. दवाखान्यात नेलीय, ऑक्सिजन लावलाय. तिची आई इथेच होती, आता तिकडे गेली."

"उशीर कशाने झाला?"

 सिस्टर हळू म्हणाल्या, "कुलूप जुनं होतं, पण दणकट होतं हो. लवकर तुटेना. आणि तुटलं तर मास्क सगळ्या पेट्यांच्या तळाशी."

धाकटीला वाटलं, जमिनीने आपल्याला गिळावं. उभ्या आयुष्यात असं कधी वाटलं नव्हतं.

"खरं सांगू का," सिस्टर पुढे म्हणाल्या, "आम्ही तर आधी हललोच नाही. निरोप आला लाल इशाऱ्याचा, आणि आम्हाला वाटलं ड्रिल. तुम्ही बाहेरगावी, म्हणजे तिकडून साहेबलोकांना दाखवताय. मामा तर म्हणाले, चहा संपवतो आणि येतो. पण तुमच्या जाऊबाई उठल्या आणि म्हणाल्या, उठा, आज ड्रिल नाहीये, आज खरं आहे. मामा म्हणाले, कशावरून? तर म्हणाल्या, सकाळी ती माझ्याशी भांडून गेलीय."

"भांडून गेले, मग? त्याचा इथे काय संबंध?"

"मला काय माहीत. आम्हीही तेच विचारलं. पण तोवर त्यांनी पहार उचलली होती. पहार हातात असलेल्या बाईशी कोण वाद घालणार?"

थोरली मैदानाच्या पलीकडच्या टोकाला चादरी वाटत होती. उजव्या हाताला पट्टी गुंडाळली होती आणि पट्टीतून लाल डाग वर आला होता. पायात चपला. धाकटी तिच्याकडे चालत गेली, पण मध्येच मोठ्या बाईंची गाडी फाटकातून आत आली आणि सगळे तिकडे वळले.

मोठ्या बाई चांगल्या होत्या, पण नियमाला पक्क्या. त्यांनी आधी सगळं मैदान पाहिलं, दवाखान्यात फोन केला, मुलगी स्थिर आहे हे ऐकलं, आणि मग थोरलीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कुलूप तोडलंत ते बरंच केलंत. पण तोडायची वेळ का आली? गोदामाची किल्ली तुमच्याकडे असते. आज ती कुठे होती?"

थोरलीने हातातली चादर शेजारच्या म्हातारीला दिली.

"हरवली," ती म्हणाली. "सकाळपासून सापडत नाहीये."

धाकटी दोन पावलांवर उभी होती. गोदामप्रमुखाने किल्ली हरवणं म्हणजे गोदाम तिच्या हातून गेलंच, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि तरीही, सांगायला लाज वाटते, पण धाकटीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच: ही का पांघरूण घालतेय? हिला यातून काय मिळवायचंय? सवय ती सवय. मग तिचं लक्ष त्या पट्टीवरच्या डागाकडे गेलं आणि तो प्रश्न आपोआप गळून पडला.

"हरवलेली नाही," धाकटी म्हणाली. रुमाल सोडला आणि दोन्ही किल्ल्या तळहातावर धरल्या. "मी नेली होती. मागून, भांडून घेतली. दोन्ही माझ्याकडे होत्या."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि पुसू लागल्या. पुष्कळ वेळ पुसला. मग एक किल्ली उचलून थोरलीला दिली आणि दुसरी सिस्टरना.

"तुमचा आराखडा चांगला आहे," त्या धाकटीला म्हणाल्या. "तो तसाच चालू राहील, ड्रिलही तुम्हीच घ्या. नवं कुलूप येईल, पण त्याची किल्ली यापुढे तुमच्याकडे नको."

संध्याकाळी दोघी मामांच्या गाडीने घरी आल्या.  दवाखान्यातून फोन आला की मुलीचा श्वास सुधारलाय, तेव्हा मामांनी मोठ्याने "सुटलो!" म्हटलं, आणि थोरलीने डोळे पुसले. धाकटीला रडूही येईना. रडायचाही काही हक्क असतो.

घरी थोरलीला उजव्या हाताने काही धरता येत नव्हतं. धाकटीने तिला ताट वाढून दिलं, डाव्या हाताने खाता यावं म्हणून चमचा दिला आणि भांडी घासायला बसली. नळ चालू ठेवून, पाठ करूनच तिने विचारलं.

"वहिनी, मी भांडले म्हणून ड्रिल नाही, हे कसं काय?"

थोरली चमच्याने ताटात रेघा ओढत बसली होती. "तुला खरंच माहीत नाही?"

"नाही."

"अगं बाई, ज्या दिवशी ड्रिल असतं त्या दिवशी तू माझ्याशी गोड बोलतेस. बाथरूम आधी देतेस, डबा भरतेस. 'वहिनी, ऊन फार आहे.' एरवी मी उन्हात वाळून कोळ झाले तरी तुझं लक्ष नसतं. पहिल्यांदा मला वाटलं, माझा वाढदिवस विसरली होतीस तो आठवला असेल. आणि दुपारी लाल इशारा. दुसऱ्यांदा सकाळी पुन्हा तेच सुरू झालं. मग काय कळायचं राहिलं?"

धाकटीने नळ बंद केला. हातातलं पातेलं तसंच राहिलं. एवढ्या वाटा बुजवल्या, घरच्यांना फसवलं, खिडकीत दबा धरला, आणि तारीख फोडणारी घरात कोण होती, तर ती स्वतः.

"मग सकाळी सांगितलं का नाही? मी एवढं बोलले तेव्हा?"

"काय सांगू? की तू माझ्याशी बरी वागतेस ती फक्त फसवायच्या दिवशी?" थोरलीचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच चढला. "ते तोंडाने बोलायला मलाही कसंतरी होतं."

आतल्या खोलीत सासूबाईंनी उगाच खोकल्यासारखं केलं. धाकटी ओल्या हातांनी येऊन थोरलीसमोर जमिनीवर बसली.

"पण मग तुम्ही शटर आधी का उघडायचात? कळलं होतं तर कळू द्यायचं. ड्रिल खरं झालं असतं. आमचं कुठे चुकतंय ते समजलं असतं. मास्क तळाशी असतात हे आज कळलं, ते आधीच कळलं असतं वहिनी!"

"खरंय," थोरली म्हणाली. "माझं चुकलंच. त्या पोरीला ऑक्सिजन लावला तेव्हापासून तेच डोक्यात आहे. पण पहिल्या ड्रिलला शटर अडकलं, तेव्हा तू जिन्यात बसून रडत होतीस. मी वरच्या पायरीवर होते. तुला दिसले नाही. मी त्या दिवशी ठरवलं, की माझ्या शटरपायी ही पुन्हा रडायला नको." तिने ताट बाजूला सारलं. "ड्रिल कशासाठी असतं ते मला कळत नाही असं नाही. पण घरचं माणूस रडताना पाहिलं की अक्कल गहाण पडते."

धाकटीने तिचा पट्टीचा हात हातात घेतला आणि मग मात्र तिला रडू आलं. थोरलीने डाव्या हाताने तिच्या डोक्यावर टपली मारली. "पुरे. पहार काही तुझ्यासाठी उचलली नव्हती," ती म्हणाली, आणि लगेच, "त्या ताडपत्र्यांचं मात्र जिव्हारी लागलं हं."

"माफ करा."

"बघू."

त्यानंतर दोघींनी मिळून गोदामाची मांडणी बदलली, मास्क दाराशी आले. धाकटी शपथेवर सांगे की यापुढे ड्रिलच्या दिवशी ती मुद्दाम भांडेल. "म्हणजे भांडलीस की ड्रिल समजायचं का?" असं थोरली विचारी, आणि दोघी हसत. धाकटीला वाटलं, सगळं पूर्ववत झालं.

मग एका सकाळी तिला लवकर जाग आली. थोरलीचा हात अजून पुरता बरा झालेला नव्हता, रात्री ठणकत होता हे तिने ऐकलं होतं. त्या दिवशी ड्रिल नव्हतं. कुठलाच बेत नव्हता. तिला नुसतं मनापासून वाटलं म्हणून तिने थोरलीचा डबा भरला, झाकण शोधून घट्ट लावलं, पाण्याची बाटली भरली आणि दाराशी नेऊन ठेवली.

"वहिनी, डबा भरलाय," ती म्हणाली. "आणि केस मी विंचरून देऊ का? हात दुखतोय ना?"

थोरली दारात थबकली. तिने डब्याकडे पाहिलं, मग धाकटीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आज ड्रिल आहे का गं?"

"नाही हो! शप्पथ नाही. असंच भरला."

"बरं," थोरली म्हणाली. तिने मायेने धाकटीच्या गालाला हात लावला, डबा उचलून पिशवीत ठेवला, पायातल्या चपला काढून कडेला सारल्या, आणि खाली बसून एका हाताने बूट चढवू लागली.